डाग तांबेऱ्याचा आणि बुरशी कोठारातली

आवळ्याचा हंगाम जवळ येऊ लागला की औषधिनिर्माणशाळांच्या मागणीपत्रांत एक अट ठरलेली असते : फळ टपोरे, रसदार व बिनडागी असावे. डागी फळाला एक तर भाव कमी मिळतो, किंवा ते गाडीतून उतरवूनच घेतले जात नाही. ही अट घालणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. द्रव्य निकोप असावे हा शास्त्राचाच आदेश होय. परंतु या अटीचा परिणाम बागेत काय होतो, फळावरचा तो डाग नेमका कशाचा असतो, आणि ज्या रुग्णासाठी ही दक्षता घ्यावयाची त्याच्या पोटात अखेर काय जाते, याचा विचार आपल्या व्यवसायात व्हावा तितका झालेला नाही. आपण ज्या कवकाला भितो ते बहुधा रुग्णाला अपाय करीत नाही, आणि जे करते त्याकडे आपले लक्ष नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आवळ्याच्या सालीवर वर्तुळाकार कडे धरून उठणारे काळसर पुरळ हे बहुधा तांबेऱ्याचे असते. ‘रॅव्हेनेलिया एम्ब्लिकी’ हे त्या कवकाचे शास्त्रीय नाव. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते पानांवर व फळांवर दिसू लागते. तांबेरा हे नाव अर्थातच रंगावरून पडले. गव्हावरील याच वर्गातील रोगाला गेरवा असेही म्हणतात. महाबळेश्वर येथील गहू संशोधन केंद्राच्या नावात हाच शब्द आहे. गेरू म्हणजे आपल्या रसशास्त्रातील गैरिक. रोगट पानावरून बोट फिरवले असता बोटाला जी पूड लागते ती पाहिली म्हणजे या नामकरणाची यथार्थता पटते. ती पूड म्हणजे त्या कवकाचे बीजाणू. ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी पावसाळ्यात आपल्या दवाखान्याच्या आवारातील पांढऱ्या चाफ्याचे एखादे पान उलटून पाहावे. खालच्या बाजूस नारिंगी पुटकुळ्यांची दाटी पुष्कळदा आढळेल. मोगऱ्यावर, पुदिन्यावर, शेवंतीवर, कोरफडीवर असे निरनिराळे तांबेरे पडतात.

या वर्गातील कवकांच्या ७,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्या सर्वांचा एक स्वभावविशेष आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. निसर्गात ती केवळ जिवंत पेशींवर जगतात. वनस्पतीच्या पेशीत ती आपले शोषक अंग घुसवितात व तिला न मारता तिच्याकडून पोषण घेत राहतात. पेशी मेली की तांबेऱ्याचाही निर्वाह संपला. म्हणूनच तोडलेल्या फळांच्या राशीत तांबेरा एका फळावरून दुसऱ्या फळावर पसरत नाही, वाळलेल्या द्रव्याच्या पोत्यात तो वाढत नाही, आणि मनुष्याच्या शरीरात तर त्याला मुळीच थारा नाही. शिवाय तो आश्रयाच्या बाबतीत मोठा चोखंदळ असतो. आवळ्याचा तांबेरा गव्हावर जात नाही, गव्हाचा चाफ्यावर जात नाही.

काही तांबेऱ्यांना मात्र आयुष्याचा फेरा पुरा करण्यासाठी दोन भिन्न वनस्पती लागतात, आणि येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याचा दुसरा आश्रय म्हणजे बार्बेरी, अर्थात आपल्या दारुहरिद्रेची पाश्चात्त्य भगिनी. हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५ च्या सुमारास सिद्ध केले, आणि १९१८ पासून अमेरिकेत बार्बेरीची कोट्यवधी झुडपे उपटून टाकण्यात आली. भारतातही हिमालयात दारुहरिद्रा मुबलक. तेव्हा येथेही तिच्यावर संशय जाणे स्वाभाविक होते. परंतु आग्र्याचे डॉ. के. सी. मेहता यांनी अनेक वर्षे चिकाटीने अभ्यास करून दाखवून दिले की आपल्या मैदानी प्रदेशातील गव्हावर तांबेरा येतो तो डोंगराळ भागात उन्हाळा काढलेल्या बीजाणूंपासून, वाऱ्यावर. त्यात दारुहरिद्रेचा हात नगण्य आहे. एका देशात खरे ठरलेले अनुमान दुसऱ्या देशात न तपासता लागू केले असते, तर एक मौल्यवान औषधी वनस्पती अकारण नष्ट झाली असती.

मूळ विषयाकडे वळू. चरकांनी कल्पस्थानाच्या आरंभी द्रव्यसंग्रहाचा विचार केला आहे. काळ, हवामान वा जंतू यांच्या योगाने ज्याचे मूळचे गुण बिघडले ते द्रव्य त्यांनी त्याज्य मानले. येथे कसोटी गुणहानीची आहे, केवळ दर्शनी व्यंगाची नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. आमच्या मते तांबेऱ्याच्या डागाचा निवाडा प्रयोज्यांगावरून व्हावा. पुदिना घ्यावयाचा तो पानांसाठी. तेथे तांबेरा औषधावरच बसलेला असतो आणि त्याचेच पोषण खातो, म्हणून अशी पाने निःसंशय काढून टाकावीत. कोरफडीचा गर घ्यावयाचा असेल तर डाग असलेली साल तशीही सोलून निघते. आवळ्याचे फळ सुरीने कापून पाहावे. पुरळ सालीपुरते आहे, खालचा गर घट्ट, हिरवट-पिवळा व चवीला तुरट-आंबट आहे, तर ते फळ अवलेहास का चालू नये, याचे समाधानकारक कारण आम्हांला कोणी दिलेले नाही. याउलट, फळ मऊ पडले आहे, देठाजवळ पाणी सुटले आहे, वर निळसर-हिरवी लव आली आहे, तर ते दुसऱ्याच कवकाचे काम असते. ती ‘पेनिसिलियम’ जातीची बुरशी होय. असे एकही फळ आत जाता कामा नये. दुर्दैवाने व्यवहारात या दोहोंनाही ‘डागी माल’ या एकाच सदरात टाकले जाते.

बिनडागी फळाची अट मुळात आली कोठून, याचाही विचार करण्यासारखा आहे. मुरंब्याच्या बरणीत आवळा अखंड दिसतो. तेथे सालीवरील काळा डाग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो. च्यवनप्राशात तसे काही नाही. आवळा शिजतो, त्याच्या बिया व धागे निघतात, गर तुपा-तेलात परतला जातो. तेथे सालीच्या शोभेला अर्थ काय? तरीही मुरंबेवाल्यांची प्रतवारी आपण जशीच्या तशी उचलली आहे.

आता बागायतदाराच्या बाजूने पाहू. डाग दिसला तर भाव पडणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. मग तो कृषी सेवा केंद्रात जातो आणि तेथे मिळेल ते बुरशीनाशक फवारतो. आवळ्याच्या तांबेऱ्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक जुलैपासून महिन्याच्या अंतराने फवारावे, ही शिफारस जुनी आहे. द्राक्षे, सुपारी, पानवेली यांच्यासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरतात. एक टक्क्याच्या मिश्रणास १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो. फ्रान्समध्ये मियार्दे यांनी १८८५ मध्ये ते प्रसिद्धीस आणले. गंधक आणि तुत्थ ही शेतकऱ्याची दोन सर्वांत जुनी बुरशीनाशके आपल्या रसशाळेच्या फडताळातही असावीत, ही गंमत खरी. आपण मात्र ती शोधनाशिवाय कोणाला देत नाही, आणि अडुळशाच्या किंवा नागवेलीच्या पानावर मोरचुदाचा निळा थर असेल तर ते पान तसेच स्वरसासाठी कुटणे कोणत्याही वैद्याला मान्य होणार नाही. हा थर निदान डोळ्यांना दिसतो, हे त्यातल्या त्यात बरे.

आमची खरी चिंता मॅन्कोझेब व त्याच्या कुळातील बुरशीनाशकांविषयी आहे. स्वस्त, अनेक रोगांवर चालणारे, कोठेही मिळणारे असे हे द्रव्य. तांबेरा, करपा, केवडा अशा सर्वांवर ते फवारले जाते. वापरताना त्याची तीव्र विषबाधा सहसा होत नाही, म्हणून ते सौम्य समजले जाते. परंतु त्याचे विघटन होताना, आणि विशेषतः ते पाण्यात उकळले असता, त्यापासून इथिलीन थायोयुरिया नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत या द्रव्याने अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्याचे, त्या ग्रंथीत अर्बुदे झाल्याचे व गर्भात विकृती आल्याचे आढळले आहे. ते पाण्यात सहज विरघळते. युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. भारत सरकारने त्याच वर्षीच्या मे महिन्यात ज्या २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यांत याचेही नाव होते.

आता च्यवनप्राशाची कृती डोळ्यांपुढे आणावी. चरकांनी त्यात पाचशे आवळे मोजून सांगितले आहेत. ते क्वाथद्रव्यांसह पाण्यात शिजवावयाचे, शिजलेले आवळे बाहेर काढावयाचे, आणि त्याच पाण्याचा क्वाथ पुढे पाकासाठी वापरावयाचा. म्हणजे सालीवर मॅन्कोझेबचा अंश असेल तर तो उकळत्या पाण्यात उतरतो, तेथे त्याचे रूपांतर होते, आणि ते पाणी आपण फेकून देत नाही. आटवून अवलेहात घेतो. शेतकऱ्याच्या घरी भाजी शिजते तेव्हाही हे घडते. परंतु भाजी आणि रसायन म्हणून महिनोन्‌महिने नित्य सेवन करावयाचे औषध यांत अंतर आहे. बिनडागी फळाचा आग्रह धरून आपण फवारणीला उत्तेजन द्यावे, आणि आपल्याच पाकक्रियेने त्या फवारणीचे अधिक घातक द्रव्यात रूपांतर करावे, ही स्थिती आम्हांला अस्वस्थ करते.

यावर कोणी म्हणेल की आम्ही कीडनाशकांची चाचणी करून घेतो, अहवाल स्वच्छ येतो. अहवाल स्वच्छ येईल. पण चाचणी कशाची केली? एका नमुन्यात शेकडो कीडनाशके एकाच वेळी शोधणाऱ्या प्रचलित बहुअवशेष चाचणीत मॅन्कोझेबचे कूळ सापडत नाही. त्यासाठी आम्लाने विघटन करून निघणारे कार्बन डायसल्फाइड मोजण्याची स्वतंत्र चाचणी लागते, आणि इथिलीन थायोयुरियाची त्याहून निराळी. प्रयोगशाळेकडे नमुना पाठविताना या दोन्ही चाचण्या नाव घेऊन मागितल्या पाहिजेत. एरवी ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘पाहिले नाही’ एवढाच होतो.

बागेतील डागाविषयी इतके जागरूक असणारे आपण कोठाराच्या दाराशी मात्र ढिले पडतो. वाळलेल्या द्रव्यावर वाढणाऱ्या बुरशींना जिवंत पेशींची गरज नसते. थोडी ओल आणि ऊब मिळाली की पुरे. त्यांत ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही सर्वांत दुष्ट. तिच्यापासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर आघात करते व दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग उत्पन्न करू शकते. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाऊन कामला व वेगाने वाढणारे जलोदर यांची जी साथ आली तिचे ३९७ रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांपैकी १०६ दगावले. हंगामाच्या शेवटी अवेळी पाऊस झाला, कणसे ओली साठविली गेली, आणि घरात दुसरे धान्य नव्हते, एवढेच त्याचे कारण. आपल्या गोदामांतील द्रव्येही या विषापासून मुक्त नाहीत, हे भागलपूर विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्ये साठवणीतील औषधी वनस्पतींच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन आढळल्याचे प्रसिद्ध करून दाखविले होते.

आणि येथे पाकक्रिया आपल्या मदतीला येत नाही. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. क्वाथाच्या उकळीने ते नष्ट होत नाही. वरची बुरशी झटकली, द्रव्य पुन्हा उन्हात घातले, तरी आत मुरलेले विष राहतेच. चूर्ण केल्यावर तर डोळ्यांना काहीच कळत नाही, कुबट वास तेवढा उरतो, आणि तोही हिंग-मिरीच्या संगतीत लपतो. जायफळाचे फळ कोकणात ऐन पावसात तडकते. ते सुकविण्याची नीट सोय नसेल तर कवचाच्या आत बुरशी धरते. सुंठ घाईने सुकविली की वरून कडक व आतून दमट राहते. हळद शिजवून वाळत घातलेली असताना अवकाळी पावसाने भिजली आणि तशीच ढिगात लोटली गेली, तर पुढे पॉलिश केल्यावर तिचा रंग कोणालाही फसवील. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीतील पेवांत वर्षानुवर्षे हळद टिकत असे, ती पेव कोरडे असल्यामुळे. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले तेव्हा ते वैशिष्ट्य राहिले नाही. कोरडेपणा हेच कोठाराचे खरे बुरशीनाशक होय, आणि त्याला फवारणीचा पंप लागत नाही. गोदामात आर्द्रतामापक असावा, गोण्या भिंतीपासून व फरशीपासून सुटलेल्या असाव्यात, आणि माल उतरवून घेताना प्रत्येक गोणीच्या मध्यातून मूठभर द्रव्य काढून मोडून पाहावे. यात नवीन काही नाही. होते मात्र क्वचित.

शेतातले प्रत्येक कवक निरुपद्रवी असते, असे आमचे म्हणणे नाही. बाजरीवरील अरगट हे त्याचे ठळक उदाहरण. कणसातील दाण्याची जागा घेणाऱ्या त्या काळसर गाठी विषारी असतात. त्या खाल्ल्याने मळमळ, वांती, गुंगी येते, आणि म्हणूनच बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. पथ्य म्हणून बाजरी सांगणाऱ्या वैद्याने ती निवडून घेण्यासही सांगावे. तेव्हा प्रश्न कवक आहे की नाही हा नसून कोणते आहे, कोठे वाढते आणि काय मागे ठेवते, हा आहे.

आमच्या काही सहकाऱ्यांचा कल रासायनिक फवारणीऐवजी वृक्षायुर्वेदातील उपाय सुचविण्याकडे आहे. वराहमिहिरांनी बृहत्संहितेत रोगट वृक्षाचा दूषित भाग प्रथम शस्त्राने काढून नंतर विडंग, तूप व चिखल यांचा लेप देण्यास सांगितले आहे. सुरपालांचा वृक्षायुर्वेद १९९६ मध्ये सिकंदराबादहून इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाल्यापासून कुणपजलाची चर्चाही वाढली आहे. या ग्रंथांविषयी आदर आहेच. परंतु आवळ्याच्या तांबेऱ्यावर विडंगाचा लेप चालतो असे ठाम सांगण्यापूर्वी शेजारच्या दोन ओळींत, एका ओळीला लेप व दुसरीला काही नाही, असे करून पाहिले पाहिजे. तोवर त्या उपदेशाचा पहिला भाग, म्हणजे दूषित अंश काढून टाकणे, आजच अमलात आणण्याजोगा आहे. गळालेली रोगट पाने व फळे गोळा करून नष्ट करावीत, फांद्यांची विरळणी करून झाडात वारा व ऊन खेळू द्यावे, लागवड दाट करू नये. तांबेऱ्याचा बीजाणू रुजण्यास पानावर पाण्याचा ओलावा काही तास टिकावा लागतो. पान लवकर सुकले की त्याचा डाव अर्ध्यावर मोडतो.

हे सारे बागायतदाराला सांगून भागणार नाही, कारण तो आपल्या भावाकडे पाहतो आणि त्याने तसे पाहणे योग्यच आहे. सुरुवात खरेदीदाराने करावयास हवी. संघटनेच्या सभासद निर्माणशाळांनी येत्या हंगामापासून आवळ्याच्या मागणीपत्रातील ‘बिनडागी’ हा शब्द गाळावा व त्या जागी ‘घट्ट, न कुजलेले, न बुरसलेले’ असे लिहावे. सालीपुरता तांबेरा असलेल्या फळाला अवलेहासाठी बिनडागी फळाइतकाच भाव द्यावा. तोडणीपूर्वी कोणती फवारणी केव्हा केली, याची तारीखवार नोंद बागायतदाराकडून खरेदीपावतीसोबत घ्यावी, आणि गंधकाव्यतिरिक्त काही फवारले असल्यास तो माल वेगळा ठेवावा. आवळे शिजविण्यापूर्वी वाहत्या पाण्यात चोळून धुवावेत व ते पाणी सोडून द्यावे. सालीवरील मॅन्कोझेबचा बराच भाग त्यात निघून जातो. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. थोडा वेळ आणि एखादा मजूर अधिक लागेल.

लहान निर्माणशाळांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे : चाचण्यांचा खर्च परवडत नाही. तो खरा आहे. म्हणूनच एकाच तालुक्यातून माल घेणाऱ्या पाच-सहा निर्माणशाळांनी मिळून नमुने पाठवावेत व खर्च वाटून घ्यावा, असे आम्ही सुचवितो. पहिल्या वर्षी धुतलेल्या आणि न धुतलेल्या फळांचे, तसेच आटविलेल्या क्वाथाचे नमुने स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. जे आकडे हाती येतील ते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, या त्रैमासिकाकडे पाठवावेत. निर्माणशाळेचे नाव न घालता ते छापण्याची आमची तयारी आहे.